आमच्या खानावळीतली मार्ता

आमच्या खानावळीत नऊ वर्षं एक हंगेरियन बाई जेवायची. तिचा जन्म पेइशानच्या कोळसा खाणीमागच्या वस्तीत झाला होता. बाप खाणीत कोळशाचे डबे ढकलायचा. हंगेरी नकाशावर दाखव म्हटलं असतं, तर तिनं पहिल्या दोन खेपांना नक्कीच चुकीच्या देशावर बोट ठेवलं असतं. तिचं खरं नाव लुआन ग्वीफन. हे नाव खानावळीत घ्यायला बंदी होती, म्हणून मी ते सुरुवातीलाच लिहून टाकतो.

मी फू. शिहेच्या टेबल टेनिस केंद्रात एकतीस वर्षं आचारी होतो. पोरी जिंकल्या की पेपरवाले कोचचा फोटो छापतात, केंद्राच्या साहेबांचा छापतात, एकदा तर बॅटला रबर चिकटवणाऱ्याचासुद्धा छापला. त्या पोरी काय खाऊन जिंकल्या, हे मला आजवर एकानंही विचारलेलं नाही. वाट बघून कंटाळलो, म्हणून आता आपणहून सांगतोय. आणि सांगायचं आहे ते जिंकणाऱ्या पोरीबद्दल नाहीच.

जिंकणारी पोरगी म्हणजे थोंग याछिंग. दोनदा जगज्जेती. केंद्राच्या फाटकावर तिचा एवढा मोठा फोटो लावला होता की पहारेकऱ्याला तिच्या बुटाच्या सावलीत बसता यायचं. ती आणि ग्वीफन एकाच आठवड्यात केंद्रात आल्या, दोघी तेरा वर्षांच्या. दोघी उजव्या हाताच्या, दोघी पेन धरावं तशी बॅट धरणाऱ्या, दोघी टेबलाला चिकटून सटासट मारणाऱ्या. आज ही जिंकायची, उद्या ती. सोळाव्या वर्षी जागतिक स्पर्धेला एकीलाच पाठवायचं ठरलं, तेव्हा दोघींची मॅच लावली. पाचव्या गेममध्ये वीस-वीस झाले आणि याछिंगनं बावीस-वीसनं काढली. दोन पॉइंट. एवढ्याशा फरकावर एक विमानात बसली आणि दुसरी माझ्याबरोबर कोबी निवडायला.

पण याछिंगही हरून आली. उपांत्य फेरीत तिला मार्ता वेरेब नावाच्या हंगेरियन बाईनं धुतलं. ही मार्ता डावखुरी. हात मिळवायला पुढे करावा तशी बॅट धरायची, टेबलापासून चार पावलं मागे उभी राहायची आणि जे येईल ते कापून परत पाठवायची. लांब दाण्यांच्या रबरावरून बॉल असा डुलत यायचा की याछिंगची बॅट वेगळीकडे आणि बॉल वेगळीकडे. याछिंग परत आली ती तीन दिवस जेवली नाही. माझ्या दृष्टीनं केंद्रावरचं खरं संकट ते होतं.

चौथ्या दिवशी सगळ्यांना खानावळीत बोलावलं, कारण टीव्ही खानावळीत होता. मार्ताच्या मॅचची फीत सतरा वेळा दाखवली. मग साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्याला एक मार्ता हवी, याछिंगच्या सरावाला." नवा बंब हवा असं सांगावं, तितक्या सहज म्हणाले.

हाओ कोचनं सगळ्या पोरींवरून नजर फिरवली. हा माणूस बारीक, तुरतुरीत, कायम काखोटीला वही. त्याच्या वहीत जे लिहिलं तेच खरं; डोळ्यांना दिसलं ते वहीत चढेपर्यंत खोटं.

"ग्वीफन, उभी राहा," तो म्हणाला. "वळ. भिंतीकडे तोंड कर."

ती वळली. "बघा," कोच साहेबांना म्हणाला, "पाठीमागून थेट तीच!"

"पण सर, मी उजवी आहे," ग्वीफन भिंतीला म्हणाली.

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

त्या दोन महिन्यांची नऊ वर्षं झाली.

आधी तिचा उजवा हात गळ्यात बांधला, मोडलेला बांधतात तसा. बॅट डाव्या हातात, बॅटच कशाला, जेवायच्या काड्यासुद्धा डाव्या हातात. पहिला महिनाभर तिच्या ताटातले शेंगदाणे शेजारणीच्या ताटात पडायचे. केस मार्तासारखे कापले. मार्ता सर्व्हिसच्या आधी तळहात जाळीच्या कोपऱ्यात पुसायची, तेही उचललं. मार्ता पॉइंट गेला की काहीतरी पुटपुटायची. ते काय, हे कुणालाच कळेना, म्हणून ती फीत राजधानीत एका हंगेरियन शिकवणाऱ्या प्राध्यापकाकडे पाठवली. अडीच महिन्यांनी शिक्क्यासकट उत्तर आलं: "आई गं, माझे पाय." तेव्हापासून ग्वीफन पॉइंट गेला की हंगेरियनमध्ये आईला हाक मारायची.

मग वरून माझ्या नावानं कागद आला. मार्ता जे खाते ते ग्वीफनला द्यावं. सोबत मांसाच्या लाल रश्शाची कृती. कृतीत एक तिकडची लाल भुकटी होती, चवीला गोडसर असते म्हणे. ती शिहेत कुठून आणू? मी छपरावर वाळवलेल्या आमच्या मिरच्या कुटून घातल्या, मूठभर. ग्वीफन पहिल्या घासाला जी ठसकली ती थांबेना, डोळ्यांतून धारा. हाओ कोच शेजारी बसून वहीत लिहीत होता. मी वाकून पाहिलं. त्यानं लिहिलं होतं: "मार्ता जेवताना रडते."

"अहो कोच, मिरची जास्त झाली हो!" मी म्हणालो.

"फूदादा, तुम्ही तुमचं काम करा, मला माझं करू द्या."

बाकीच्या पोरींना आंबट कोबी आणि डुकराच्या मांसाचं सारण भरलेले ज्याओझ मिळायचे, कडा दुमडून उकडलेले, वाफाळते. ग्वीफन लाल रस्सा डाव्या हातानं ढवळत त्या ताटांकडे बघायची. ज्याओझ तिचा जीव की प्राण. द्यावेत असं मला वाटायचं. पण कागदावर शिक्का होता आणि मी दिले नाहीत. हे मी आज कबूल करतो. शिक्का पाहिला की माझे गुडघे वाकतात, जन्मजात खोड आहे.

तिनं मला एकच गोष्ट मागितली. एके दिवशी स्वयंपाकघरात आली, कोटातून तिची जुनी बॅट काढली, पेन धरायची ती, मुठीपाशी घामानं काळी पडलेली. कोचनं पोरींच्या खोल्या तपासायला घेतल्या होत्या. ही बॅट सापडली तर जाणार होती.

"फूकाका, ही सांभाळाल?"

"कशाला गं? आता तू डावी."

"डावी मार्ता आहे," ती म्हणाली. "मला एकदा, एकदाच, माझ्या हातानं, माझ्या नावावर एक खरी मॅच जिंकायची आहे. मग माझं काहीही करा. हाओ सरांनी शब्द दिलाय, मार्ता खेळायची थांबली की राष्ट्रीय स्पर्धेत उतरवतो म्हणून."

मी बॅट पिठाच्या पिंपामागे ठेवली आणि दर महिन्याला पुसत राहिलो. तेवढं तरी केलं.

मार्ता काही थांबेना. आणि तिला जे जे होईल ते ते ग्वीफनला भोगावं लागायचं. मार्ताचा गुडघा दुखावल्याचं पेपरात आलं, तर त्याच दिवशी ग्वीफनच्या धडधाकट गुडघ्याला पट्टी बांधून तिला चार महिने लंगडायला लावलं. मार्ताचं लग्न झालं आणि ती जाडजूड झाली. मला हुकूम आला: सहा आठवड्यांत चार किलो वाढवा. मी साडेचार वाढवले, तर कोचनं अर्धा किलो परत मागितला. पुढे मार्तानं नवऱ्याला सोडल्याची बातमी आली, तेव्हा साहेबांच्या खोलीत दोन तास बैठक झाली. ग्वीफननं आता दुःखी होऊन खेळावं की मोकळी होऊन? शेवटी "दिवसाआड" असं ठरलं. वाढदिवससुद्धा मार्ताचा. मेच्या नऊ तारखेला मी तिच्यासाठी केक करायचो, आणि तिच्या खऱ्या वाढदिवसाला ती गुपचूप लाल रस्सा खायची.

पण सगळ्यात वाईट होता तो आखूड बॉल.

मार्ताचं एकच दुखणं होतं. जाळीच्या लगेच पलीकडे, तिच्या उजव्या अंगाला कुणी हळूच बॉल टाकला, तर ती एवढ्या मागून पुढे यायचीच नाही. खांदे पाडायची आणि मान वर करून छताकडे बघायची, छत गळतंय का बघावं तशी. हाओ कोचनं ते फितीत पाहिलं आणि टाळीच वाजवली. याछिंगनं तोच बॉल घोटायचा आणि ग्वीफननं तो सोडायचा.

ग्वीफनचे पाय तरुण. ती धावत येऊन बॉल परत करायची.

"सोड!" कोच ओरडायचा. "मार्तानं तो बॉल सोडला असता!"

"पण सर, हाताशी होता."

"तुझ्या हाताशी असेल. मार्ताच्या नव्हता. मैदानाला दहा फेऱ्या मार. आणि लंगडत!"

उणे वीसच्या थंडीत ती लंगडत दहा फेऱ्या मारायची. वर्षभरात तिची मान शिकली. एकदा मी स्वयंपाकघरात तिच्याकडे उजवीकडून कांदा फेकला, "घे गं!" म्हणून. ग्वीफननं खांदे पाडले आणि छताकडे बघितलं. कांदा तिच्या पायाशी पडला. दोघं हसलो आणि मग कुणीच हसलं नाही.

या सगळ्याचा उपयोग झाला, ते मी नाकारत नाही. याछिंगनं पुढच्या जागतिक स्पर्धेत मार्ताला तीन-शून्यनं हरवलं आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही. सत्काराला साहेब रडले, महापौर रडले. याछिंग मात्र माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "फूकाका, ती खरी मार्ता ना, आपल्या मार्ताएवढी चांगली नाही हो. रोज मी आपल्या मार्ताशी हरते." हे कोचच्याही कानावर गेलं होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी ग्वीफनला बोलावून झापलं: नक्कल मूळ मालापेक्षा बरी असणं ही शिस्तभंगाची बाब आहे, तिनं खेळ थोडा उतरवावा. तिनं उतरवला. उतरवायलाही तिला महिनाभर सराव करावा लागला.

आणि मग ती पंचवीस वर्षांची असताना पेपरात चार ओळी आल्या: मार्ता वेरेब खेळातून निवृत्त. आता घरी मुलाला सांभाळणार आणि विणकाम करणार.

मी कात्रण काढून ग्वीफनच्या रश्शाच्या वाडग्याखाली ठेवलं. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं. कोचकडे गेली. मी मागोमाग गेलो, कोचचं ताट परत आणायचं निमित्त होतं.

"सर, तुमचा शब्द."

"हो, हो," हाओ कोच वही चाळत म्हणाला. "पण आता स्वीडनमध्ये एक नवी पोरगी आलीय. उंची तुझीच. आणि तुझं नशीब बघ, ती उजवी आहे! दोन महिन्यांचा प्रश्न..."

ग्वीफन वळून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सरावाला आली ती हातात लोकरीचा गुंडा आणि सुया घेऊन. टेबलाशेजारी खुर्ची टाकून विणायला बसली.

"हे काय?" कोच ओरडला.

"सर, वहीत बघा. मार्ता आता विणकाम करते."

"ऊठ तिथून!"

"मार्ता उठली नसती, सर."

तीन दिवस ती विणत होती. साहेब आले, बघून गेले. तिला शिक्षा करावी तर नियम कुठला मोडला ते सापडेना. नऊ वर्षांचे सगळे हुकूम ती तंतोतंत पाळत होती. चौथ्या दिवशी कोचनं हात टेकले. राष्ट्रीय स्पर्धा त्या वर्षी शिहेतच होती, यादीत एक जागा रिकामी होती. लुआन ग्वीफन असं नाव लिहिलं, तेव्हा कारकुनानं विचारलं, "ही कोण?"

मी पिठाच्या पिंपामागून बॅट काढून दिली. पाच आठवडे हातात होते. हॉलमध्ये तिला टेबल मिळेना, म्हणून दुपारी सगळे झोपले की आम्ही खानावळीतली दोन टेबलं जोडायचो आणि मध्ये विटा ठेवून जाळी करायचो. समोर मी, हातात लाटणं नाहीतर पातेल्याचं झाकण. लाटण्यानं मी बरा खेळतो.

पहिल्याच दिवशी एक गंमत कळली. डाव्या हातानं ती पस्तिशीच्या बाईसारखी खेळायची, थंड, कंटाळलेली, पाय दुखणारी. बॅट उजवीकडे गेली की तो हात सोळा वर्षांचाच होता. त्याला मधलं काही ठाऊकच नव्हतं. उजव्या हातानं पॉइंट घेतला की ती टुणकन उडी मारून किंचाळायची, हरली की पाय आपटायची, माझ्याशी भांडायची. "काका, तुम्ही चीटिंग करता, झाकण मोठं आहे!" नऊ वर्षांत मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. मला इतका आनंद झाला की दोनदा भात लागला.

स्पर्धेत पहिल्या दोन फेऱ्या तिनं जिंकल्या. त्या पोरी अनोळखी, लहान, घाबरलेल्या होत्या. ग्वीफननं मात्र त्या जिंकण्याला जिंकणं म्हटलंच नाही. तिसऱ्या फेरीचा कागद लागला आणि तिच्यासमोर नाव होतं थोंग याछिंग.

"हीच," ती म्हणाली. "बावीस-वीसपासूनची बाकी आहे ही."

मी स्पर्धेच्या खानावळीतल्या ओळखीनं पंचाच्या खुर्चीमागे जागा मिळवली, ज्याओझचा डबा घेऊन. शिक्काबिक्का गेला चुलीत, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

याछिंग हसत टेबलाशी आली. "काय मार्ता, आज उजव्या हातानं? सोपं जाईल मला."

"खेळ की," ग्वीफन म्हणाली.

पहिला गेम ग्वीफननं एकवीस-अकरानं घेतला. जगज्जेती गांगरून गेली. तिनं जगातल्या प्रत्येक खेळाडूशी सराव केला होता, म्हणजे प्रत्येकीच्या नकलेशी. या समोरच्या बाईची नक्कल कुणी केली नव्हती. दोघींचे दोन-दोन गेम झाले तेव्हा हाओ कोच, जो नियमाप्रमाणे याछिंगच्या बाजूला बसला होता, पिशवीतून अकरा वह्या काढून चाळत होता. नऊ वह्या मार्ताच्या. ग्वीफनबद्दल एक ओळ नाही. शेवटी तो वाकून वाकून माझ्यापाशी आला.

"फूदादा, ही पोरगी खेळते कशी?"

"तुम्हीच तिला बारा वर्षं शिकवताय ना?"

"तसं नाही हो. दुपारी तुम्ही खेळायचात तिच्याशी, मला ठाऊक आहे. हिचं दुखणं कुठंय?"

"मी आचारी आहे," मी म्हणालो. "तुम्ही तुमचं काम करा, मला माझं करू द्या." हे वाक्य मी नऊ वर्षं जपून ठेवलं होतं.

पाचवा गेम. नकळत मी डब्याचं झाकण वाजवत होतो, पंचानं एकदा मागे वळून पाहिलं. वीस-एकोणीस, ग्वीफन पुढे. एक पॉइंट. याछिंग मार खात मागे रेटली गेली होती, तिला काही सुचेना, आणि सुचेना तेव्हा हात जे घोटलेलं असतं तेच करतो. तिनं जाळीच्या पलीकडे, उजव्या अंगाला, हळूच आखूड बॉल टाकला.

ग्वीफन टेबलाला चिकटून उभी होती. बॉल तिच्या हातापासून वीतभर लांब. पोरसोरानंसुद्धा मारला असता. ग्वीफननं खांदे पाडले आणि छताकडे बघितलं.

मी डोळे मिटले. हॉलमध्ये कुणाला काही कळलंच नाही. लोक छताकडे बघायला लागले, वर काय आहे म्हणून. कळलं ते आम्हा चौघांना, ती, मी, कोच आणि याछिंग. याछिंगचा चेहरा पडला होता, मी शपथेवर सांगतो.

वीस-वीस. ग्वीफन टॉवेल घ्यायला कठड्याशी आली.

"काका, मान माझी नाहीये हो," ती म्हणाली. "मी तिला सांगतेय आणि ती ऐकत नाही. याछिंग पुन्हा तोच टाकेल."

"मान जाऊ दे," मी म्हणालो. मला खेळातलं काय कळतं? पण पाच आठवडे तिच्यासमोर उभा होतो. "मान मार्ताची असेल. हात सोळा वर्षांचा आहे, त्याला कुणी सोडायला शिकवलेलंच नाही. तू हाताच्या मध्ये पडू नकोस."

पुढचा पॉइंट ग्वीफनचा. एकवीस-वीस. मग दहा-बारा फटके झाले, मी मोजले नाहीत. याछिंग पुन्हा मागे गेली, आणि तिच्या हातानं पुन्हा तेच केलं. आखूड बॉल, उजवीकडे, जाळीजवळ.

ग्वीफनची मान वर गेली. खांदे पडले. डोळे सरळ छताच्या तिसऱ्या दिव्यावर. आणि उजवा हात, खाली कुणालाच न विचारता, पुढे गेला आणि सट्टकन बॉल मारून आला.

बॉल याछिंगच्या टेबलावर आपटून हॉलच्या दारापर्यंत गेला. बावीस-वीस. ग्वीफन अजून छताकडेच बघत होती. नऊ वर्षं ज्या पॉइंटची वाट बघितली, तो तिनं पाहिलाच नाही. पंचानं तिचं नाव मोठ्यांदा पुकारलं, तेव्हा तिनं मान खाली घेतली आणि मला विचारलं, "लागला?"

"लागला पोरी, लागला!" मी एवढा ओरडलो की मला बाहेर काढलं.

दाराशी उभा राहून मी त्या दोघींचे हात मिळताना पाहिले. याछिंग रडत होती आणि हसतही होती. ती म्हणाली, "इतकी वर्षं कुठे होतीस गं तू?"

"तुझ्यासमोरच होते," ग्वीफन म्हणाली.

चौथ्या फेरीत दक्षिणेकडच्या एका सतरा वर्षांच्या पोरीनं ग्वीफनला सरळ तीन गेममध्ये घरी पाठवलं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. बसून तिनं अठ्ठेचाळीस ज्याओझ खाल्ले, उजव्या हातानं. पेइशानच्या खाणीजवळच्या शाळेत खेळ शिकवायची नोकरी तिनं धरली आणि सामान बांधायला घेतलं.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आमच्या केंद्रात काही सुखानं संपत नाही.

दहा दिवसांनी माझ्याकडे शिक्क्याचा कागद आला. विषय: ग्वीफनचा आहार. आंबट कोबीचे ज्याओझ, रोज, दोन वेळा. मला वाटलं उशिरानं का होईना, अक्कल आली. मग दुपारी कोपऱ्यातल्या त्याच खुर्चीत एक चौदा वर्षांची अनोळखी पोरगी येऊन बसली. केस ग्वीफनसारखे कापलेले. समोर ज्याओझ, आणि तिनं नाक दाबून धरलं होतं.

"नाव काय गं तुझं?"

"ग्वीफन," ती घाबरत म्हणाली.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारला. जगज्जेतीला हरवणारी एक बाई निघाली होती. तिच्याबद्दल वहीत ओळ नव्हती. तेव्हा आता आपल्याला एक ग्वीफन हवी!

"खरं नाव सांग. इथे मी आणि भांडी आहोत फक्त."

"न्ये शिन." ती दक्षिणेची होती, नदीकाठची. आंबट कोबीच्या वासानंच तिला मळमळत होतं. मी कागद घडी करून चुलीत टाकला. गुडघे वाकले नाहीत, आश्चर्यच. तिला भात आणि वाफवलेला मासा दिला.

त्याच दिवशी चारच्या बसनं ग्वीफन निघणार होती. मी तिला काहीच सांगितलं नाही, फक्त म्हणालो, "हॉलमधून जाऊ, जवळ पडतं." जवळ पडत नाही.

हॉलमध्ये मधल्या टेबलावर याछिंग आणि न्ये शिन. याछिंग आखूड बॉल टाकत होती. पोरगी दर वेळी मान वर करून, डोळे तिसऱ्या दिव्यावर ठेवून बॅट फिरवत होती. एकदा बॅट टेबलाच्या कडेवर बसली, एकदा तिच्याच गुडघ्यावर. बोटाला पट्टी होती, नाकाला कापूस. हाओ कोच वही घेऊन शेजारी उभा होता.

ग्वीफन दारात थांबली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, धीर झाला नाही. मग तिनं हातातली बॅग खाली ठेवली आणि सरळ टेबलापाशी गेली.

"बॉलकडे बघ गं," ती पोरीला म्हणाली. "नाक फोडून घेशील."

"मध्ये बोलू नकोस!" कोच ओरडला. वहीवर बोट ठेवून म्हणाला, "वर बघायचं! ग्वीफन हा बॉल छताकडे बघून मारते!"

पोरगी रडकुंडीला येऊन एकदा कोचकडे, एकदा वहीकडे बघत होती. समोरच्या बाईकडे मात्र तिनं बघितलं नाही, कारण ती कोण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सर," ग्वीफन म्हणाली, "ग्वीफन मी आहे." आवाज चढला नव्हता, पण हॉलमधली सगळी टेबलं थांबली. "आणि ग्वीफन बॉलकडे बघते."

हाओ कोचनं तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं, वहीतली ओळ खोडली, आणि खाली मान घालून लिहून घेतलं.